अठ्ठेचाळीसचा गट

काट्यावरचे आकडे लुकलुकले आणि थांबले. टेबलामागं बसलेल्या पंच बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला आणि मग माझ्याकडं पाहिलं.

“अठ्ठेचाळीसच्या वर अर्ध्या किलोहून जास्त आहे गं.”

मी उतरले आणि पुन्हा चढले. आकडा तोच आला.

“घाबरू नकोस. तासाभराची मुदत आहे, तेवढ्यात कितीही वेळा ये,” बाई म्हणाल्या. “आता कपडे घाल बघू आधी. थंडी वाजतीय तुला.”

मे महिना होता. राज्य स्पर्धेसाठी आलो होतो त्या जालन्याच्या शाळेचा पत्रा सकाळी आठलाच तापून तडतडत होता, आणि मला खरोखरच थंडी वाजत होती.

दाराशी आई उभी होती. तिच्या पदरावर ‘महिला व्यवस्थापक’ असा बिल्ला टाचलेला होता. मुलींच्या संघाबरोबर एक बाई असावीच लागते. एरवी आमच्या मगदूम सरांच्या बायको, काकू, यायच्या. या वेळी त्यांचा गुडघा धरला होता म्हणे, म्हणून ऐनवेळी आई निघाली. सहा वर्षं मी वजन उचलत होते, पण आईनं मला एकदाही उचलताना पाहिलं नव्हतं. ‘मला बघवत नाही, काळजात लकलक होतंय,’ म्हणायची. या वेळी मात्र स्वतःहून म्हणाली, “मी येतो की.” आमच्याकडं शिरोळ भागात बायकासुद्धा ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात.

तिनं मला स्वेटर दिला.

बाहेर व्हरांड्यात सर येरझाऱ्या घालत होते. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांना कळलं.

“किती?”

मी सांगितलं.

“हात्तिच्या! एवढंच ना? पळून जातंय ते. रेनकोट चढव.” त्यांनी पिशवीतून माझा जाड प्लॅस्टिकचा रेनकोट काढला. “थांबायचं नाही. आणि गिळायचं नाही. तोंडात आलेलं सगळं थुंकायचं.”

मगदूम सर वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते. आमच्या शाळेत ते खेळ शिकवायचे. सहावीत असताना पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला मी वर्गातलं लाकडी बाक एकटीनं उचलून मैदानात आणलं, ते त्यांनी पाहिलं आणि त्याच संध्याकाळी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भेटायला घरी आले. पाण्याच्या टाकीमागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची व्यायामशाळा होती. फी नव्हती. बार, प्लेटी, सगळं त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं. जैनाची पोरगी अंडी खात नाही म्हटल्यावर ते रोज माझ्यासाठी भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे डब्यातून आणायचे. त्यांच्या हातून राज्यापर्यंत पुष्कळ जण गेले होते, पण राष्ट्रीय पदक कुणाला मिळालं नव्हतं. ते मी आणणार होते. अण्णा साखर कारखान्यात होते. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी लागते, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते ही बातमी सांगायचे.

अठ्ठेचाळीस किलोच्या गटात दोन वर्षं मी राज्यात पहिली आले होते. त्याच्या वरच्या गटात, त्रेपन्नमध्ये, मी उचलायचे ते वजन कुठंच लागलं नसतं. तिथल्या मुली माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त उचलायच्या. कुमार गटातलं माझं हे शेवटचं वर्ष होतं. पण दिवाळीनंतर मी अचानक वाढायला लागले. सलवारी आखूड झाल्या. खांदे, कमर, सगळंच बदललं. सर म्हणाले, “तोंडावर ताबा ठेव, काय होत नाही.” मी ताबा ठेवला. आधी भात सोडला, मग रात्रीचं जेवण, आणि शेवटी सकाळचंही अर्धं. आमच्या घरी सूर्यास्ताआधी जेवतात. मी व्यायामशाळेतून मुद्दाम उशिरा यायचे. मग कुणी वाढायचं नाही आणि विचारायचंही नाही.

निदान मला तसं वाटायचं.

मैदानात मी एकटी नव्हते. लाल रेनकोटातली एक बुटकी मुलगी आधीच पळत होती. मनमाडची करुणा अहिरे. मागच्या वर्षी ती दुसरी आली होती. मी जवळ आल्यावर तिनं पळतापळता मान वळवली.

“तू पण?”

“हो.”

“मला वाटलं मीच एकटी येडी. मामाच्या लग्नात बुंदी हाणली ना मी, तिनं घोळ केला. तू काय हाणलं?”

“काही नाही.”

“काहीच नाही? मग वजन कशाचं आलं?”

आम्ही बरोबर पळत राहिलो. तिनं रेनकोटाच्या खिशातून सुकवलेल्या आवळ्याची पुडी काढली आणि दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले.

“चघळ आणि थुंक. गिळू नको. लाळ सुटते याच्यानं.”

“मला कशाला देतीयस?”

“मग काय एकटीच उचलू? मजा नाही येत.”

आम्ही आवळा चघळत, थुंकत पळत होतो. करुणाच्या तोंडावरून घामाच्या धारा येत होत्या, बोलणं चालूच होतं. वहिनीला डोहाळे कसले लागलेत, तिचे कोच झोपेत कसे वजनं मोजतात, असं काहीबाही. माझी कातडी कोरडी होती. रेनकोटाच्या आत नुसती आग होत होती, घाम येत नव्हता. मैदानाच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली आई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. आम्ही समोरून गेलो की तिची मान आमच्याबरोबर फिरायची.

एका वळणावर माझे पाय कुठं पडताहेत ते मला कळेना. करुणानं दंड धरला.

“ए! डोळे उघडे ठेव.”

“उघडेच आहेत.”

“नाहीयेत.”

आम्ही दोघी वजनाच्या खोलीकडं गेलो. करुणा आधी गेली आणि आतून तिची शिट्टी ऐकू आली. पंच बाई ओरडल्या, “अगं, शिट्ट्या काय मारतेस!” ती उड्या मारत बाहेर आली. बरोबर अठ्ठेचाळीस भरली होती. “जा, तुझं पण होईल,” म्हणाली आणि तिच्या कोचनं पुढं केलेली पाण्याची बाटली तिनं एका दमात अर्धी केली. त्या पाण्याचा घटघट आवाज मला आजही ऐकू येतो.

मी चढले. अजून थोडं जास्तच होतं. मूठभर साखरेएवढं.

“आलीस की जवळ,” पंच बाई म्हणाल्या. “अजून वेळ आहे. पण पोरी, तुझे ओठ बघितलेस का? फुटलेत.”

बाहेर सरांना सांगितलं. मग प्रथमोपचाराच्या पेटीतून त्यांनी कात्री आणली आणि आईपुढं धरली.

“वहिनी, केस कापा. एवढी लांब वेणी आहे, तेवढ्यानं काम होतंय. मला आत येता येत नाही, नाहीतर मीच कापले असते.”

माझे केस कमरेपर्यंत होते. लहानपणापासून आईच विंचरायची. मला वाटलं आई आता काहीतरी बोलेल. पण तिनं मुकाट्यानं कात्री घेतली आणि मला शेजारच्या कपडे बदलायच्या खोलीत नेलं. मला बाकावर बसवलं, मागं उभी राहिली आणि वेणीचा गोंडा सोडला.

मग बराच वेळ काही झालंच नाही. कात्रीचा आवाज नाही, काही नाही.

“आई, काप की. वेळ चाललाय.”

ती पुढं आली. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले. हातात केसांचा पुंजका होता. बोटांमध्ये अडकलेले, तळव्यावर गोळा झालेले, पुष्कळ.

“कात्री लागतीय कुठं,” ती म्हणाली. “नुसता हात फिरवला. हातातच यायलेत.”

मी त्या केसांकडं पाहत राहिले. रोज न्हाणीघरात केस गळतात हे मला माहीत होतं. मी ते गोळा करून खिडकीबाहेर टाकायचे. पण आईच्या हातात ते वेगळेच दिसत होते. दुसऱ्याच कुणाचे तरी असावेत तसे.

“तरी कापायचे म्हणत असलीस तर कापतो,” आई म्हणाली. “तू सांगशील तसं.”

“केस परत येतील,” मी म्हणाले.

“येतील की. केसांचं काय, येतीलच.” तिनं हातातले केस गुंडाळायला सुरुवात केली. “बाकीचंही येईल म्हणाल्या डॉक्टरीणबाई. पण वेळेत पोटाला घातलं तर.”

“बाकीचं काय?”

“पाच महिने झाले त्रिशला, तू बाजूला बसली नाहीस.”

आमच्या घरी अजूनही त्या चार दिवसांत बायका मागच्या पडवीत वेगळ्या बसायच्या. स्वयंपाकघरात यायच्या नाहीत, देवाकडं जायच्या नाहीत. पाळी थांबली तेव्हा मला उलट बरंच वाटलं होतं. सराव बुडत नव्हता. कुणाच्या लक्षात आलं नाही अशी माझी समजूत होती. घरात कोण कधी बाजूला बसलं हे आईच्या लक्षात येणार नाही, असं मी कसं धरून चालले कोण जाणे.

“मी जयसिंगपूरला जाऊन विचारून आलो,” ती म्हणाली. “एकटीच गेलो. बाजाराला जातो म्हणून सांगितलं अण्णांना. त्या म्हणाल्या, अंगात काही शिल्लकच नसलं की शरीर आधी तेच बंद करतंय.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“बोललं असतं तर ऐकलं असतंस?”

नसतं ऐकलं. उलट सरांकडं तक्रार केली असती.

“काकूंचा गुडघा?” मला एकदम सुचलं.

“बरा आहे त्यांचा गुडघा. मीच त्यांना म्हटलं, या खेपेला मला जाऊ द्या.”

“म्हणजे तू मला अडवायला आलीस.”

“नाही गं बाई. अडवलं तर जन्मभर म्हणशील, आईनं अडवलं. तू कशी उभी राहतीस ते बघायला आलो. पडलीस तर धरायला कोण तरी पाहिजे म्हणून आलो.”

बाहेरून सरांनी दार वाजवलं. “वहिनी, झालं का? दहा-पंधरा मिनिटंच राहिलीत.”

“होतंय,” आई म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता. मग माझ्याकडं बघून हळू म्हणाली, “सांग. कापू?”

मला वाटतं, मी तेव्हा फार विचार केला नाही. आज माझ्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी त्या बाकावर परत जाऊन बसते आणि नाना विचार करते, पण तेव्हा नाही. एवढंच आठवतं, की मी हिशेब लावत होते. आज वेणी देऊन सुटेन. राष्ट्रीय स्पर्धा पुढच्या महिन्यात. तिथं पुन्हा हाच काटा. तेव्हा काय द्यायचं? आणि त्याच्या पुढच्या वेळी? मी माझ्या पायांकडं पाहिलं. रेनकोटाखाली घोटे दिसत होते. लांब पाय होते माझे. करुणाचे नव्हते. मी वाढत होते आणि ते थांबवायला निघाले होते. आणि थांबत तर नव्हतंच.

“आई, पाणी दे.”

तिनं लगेच हालचाल केली नाही. बहुधा खरं वाटलं नसावं. मी पुन्हा म्हटलं. मग तिनं पिशवीतून स्टीलची बाटली काढली, झाकण उघडलं आणि बाटली माझ्या हातात न देता स्वतःच माझ्या ओठांना लावली. आमच्यात मोठा उपवास सोडणाऱ्याला पहिला घोट घरातलं दुसरं माणूस पाजतं. तो हात तसाच आला असेल.

पहिला घोट घशात टोचला. पाणी कोमट होतं. दुसऱ्या घोटाला डोळ्यांतून पाणी आलं. मग मी बाटली तिच्या हातातून ओढून घेतली आणि तळ दिसेपर्यंत प्याले. छातीवर, रेनकोटावर सांडत प्याले. संपल्यावर विचारलं, “अजून आहे?”

“आहे की. नळ आहे बाहेर.”

तिनं माझी वेणी पुन्हा घातली. घाई केली नाही.

बाहेर आलो तेव्हा सरांची नजर आधी वेणीवर गेली, मग माझ्या ओल्या हनुवटीवर, मग रिकाम्या बाटलीवर.

“पाणी प्यालीस?”

“हो सर.”

“त्रिशला...” त्यांच्या कपाळाची शीर फुगली होती. “मूठभर राहिलं होतं. मूठभर! तू भरली असतीस.”

“माहीत आहे सर.”

“मग?”

मी म्हटलं, “मला तहान लागली होती.”

सरांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि ते मैदानाकडं निघून गेले. थोड्या वेळानं आत दरवाजा लागल्याचा आणि पंच बाईंनी मुदत संपल्याचं जाहीर केल्याचा आवाज आला. माझं नाव यादीतून गेलं. काही आभाळ कोसळलं नाही. एका शिपायानं येऊन विचारलं, चहा घेणार का.

स्पर्धा मात्र मला बघावी लागली. आमची बस रात्रीची होती, जाणार कुठं? प्रेक्षकांत मागच्या रांगेत मी आणि आई बसलो. सर तीन रांगा पुढं, एकटे. करुणानं शेवटच्या फेरीत उचललेलं वजन मी आमच्या शेडमध्ये रोज उचलायचे, सहज. ते तिच्या डोक्यावर गेलं, टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. आईनं विचारलं, “ही तुझ्यापेक्षा भारी का?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि तिनं माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला. तिच्यावर राग आला होता, सरांवर आला होता, करुणावर तर फारच. मी पदरात तोंड खुपसून रडले नाही, एवढंच. पदर आईचा होता आणि मला तो नको होता.

पदक गळ्यात घालूनच करुणा मागच्या रांगेत आली.

“तू पाणी पिलीस म्हणे.”

“हो.”

ती माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “कसं लागलं?”

मला हसू आलं. का आलं ते माहीत नाही, पण आलं आणि थांबेना. ती पण हसायला लागली. आईनं पिशवी उघडली. दपाटे, शेंगाचटणी, गुळाच्या पोळ्या. माझ्यासाठी आणलेलं सगळं, मी खाणार नाही हे माहीत असताना आणलेलं. आम्ही दोघींनी कागदावर मांडून खाल्लं. करुणानं चार पोळ्या खाल्ल्या आणि आईला म्हणाली, “काकू, मनमाडला या ना तुम्ही.” मी दोन दपाटे खाल्ले. तिसरा घेतला तेव्हा आईनं दुसरीकडं पाहिलं.

दुपारी मोठी सुट्टी झाली. सर व्हरांड्यात पायरीवर बसले होते. जेवले नव्हते. आई डबा घेऊन त्यांच्याकडं गेली. मी खांबाआड थांबले.

“खाऊन घ्या सर.”

“नको वहिनी.” ते म्हणाले, “मी काय वैरी आहे का तिचा? तिच्या नोकरीसाठीच चाललं होतं ना सगळं? मला एक शब्द तरी सांगायचा. आधीच सांगितलं असतं तर...”

“ती तुम्हाला काय सांगणार सर?” आई म्हणाली. “पोरगी आहे ती. पाच महिने तिची पाळी नाही. हे ती तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार होती?”

सरांची मान हळूहळू खाली गेली. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला.

“मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

“मला माहीत होतं. तरी मी पण पाच महिने गप्पच बसलो की.” आईनं डबा त्यांच्याजवळ पायरीवर ठेवला. “जेवा.”

या सगळ्याचं पुढं काय झालं, ते सांगून टाकते. केस आले. बाकीचंही आलं, पण वर्ष लागलं. मी आणखी दोन वर्षं उचललं, त्रेपन्नच्या गटात. एकदा पाचवी आले, एकदा सातवी. मग फार्मसीला प्रवेश मिळाला. परीक्षेच्या आठवड्यात सराव चुकला, मग सुट्टीतही चुकला, आणि एके दिवशी लक्षात आलं की मी बरेच महिने शेडकडं फिरकलेच नाही. कुणी निरोप दिला नाही, कुणी घेतला नाही. आज जयसिंगपुरात माझं औषधांचं दुकान आहे. करुणा राष्ट्रीयला तिसरी आली, रेल्वेत लागली. फोन असतो तिचा. अण्णांनी मला रेल्वेबद्दल कधी विचारलं नाही. सर निवृत्त झालेत, रक्तदाबाच्या गोळ्यांना माझ्याकडंच येतात. शेडमध्ये आता मुलीच जास्त आहेत. त्यांना काकू दर महिन्याला आत नेऊन बसवतात, चहा देतात आणि काय हवं नको ते विचारतात. कुणाचं वजन वाढायला लागलं की सर सरळ वरच्या गटात नाव घालतात. एका पालकानं त्यावर वाद घातला, तर सर म्हणाले म्हणे, “ते खालच्या गटाचं वजन आता तिचं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी आहे.”

पण त्या दिवसातलं थोडं राहिलंय अजून.

सर जेवले. डबा धुऊन त्यांनी आईच्या हातात दिला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, “वहिनींनी तुला कधी उचलताना पाहिलंय का गं?”

“नाही सर.”

“एवढ्या लांब आल्या आणि न बघताच जाणार?”

सभागृहामागं सरावाची खोली होती. सुट्टीमुळं तिथं कुणी नव्हतं. जमिनीवर बार तसेच पडलेले. सरांनी स्वतः वाकून एका बारला प्लेटी लावल्या. फार नाहीत, अंगात ताकद नव्हती हे त्यांनाही कळत होतं. तरी माझ्या वजनापेक्षा जास्तच होत्या. प्लेटी निसटू नयेत म्हणून टोकांच्या कड्या घट्ट केल्या. आईला भिंतीशी खुर्ची दिली. आई खुर्चीत न बसता तिच्या पाठीमागं उभी राहिली, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून.

मी हाताला पावडर लावली. बारसमोर उभी राहिले. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच माझ्या पोटात अन्न होतं आणि मला ते जाणवत होतं. वाकले, पकड घेतली. बार मांडीला घासून वर आला, मी खाली बसले, तो खांद्यावर बसला. उठताना पाय थरथरले, पण उठले. एक श्वास. मग गुडघ्यातून झटका दिला आणि बार डोक्यावर गेला. हात ताठ झाले. एक पाय पुढं होता, तो मागं घेतला. समोर आई दिसत होती. तिचं तोंड उघडं होतं आणि ती खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरून होती की खुर्चीच पुढून उचलली गेली होती.

पंचांसारखा हात वर धरून सर बाजूला उभे होते. त्यांनी मला पुरेसा वेळ तसंच उभं ठेवलं. मग हात खाली आणला.

“डाऊन!”

मी बार सोडला. लोखंड लाकडावर आदळलं, खोली दणाणली, खिडक्यांच्या काचा वाजल्या. आई दचकून दोन पावलं मागं सरली.

“पडलं?” तिनं घाबरून विचारलं. “सर, हातातून पडलं का तिच्या?”

“नाही हो वहिनी,” सर म्हणाले. “झालं तिचं. पूर्ण झालं. मग असंच सोडायचं असतंय.”